पापडाचा चिमटा

ताईचे केस कुरळे होते. कपाळावर एखादी बट वळावी तसे नव्हेत, तर मुळापासून टोकापर्यंत. ओले असताना ते कमरेपर्यंत येत आणि वाळले की खांद्यावर जाऊन बसत. शाळेत मागच्या बाकावरच्या मुली त्यात पेन्सिल खोचून ठेवत आणि तास संपेपर्यंत तिला पत्ता लागत नसे. घरात तिच्या केसांविषयी कुणी बोलत नसे. बोलणं सुरू झालं ते तिचं लग्न काढल्यावर.

आम्ही नाशिक रोडला सरकारी वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे व्हरांडा. वडील एका कार्यालयात कारकून होते, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. ताई बी.ए. होऊन टायपिंगच्या क्लासला जात होती. मी तिच्याहून बरीच लहान, नववीत होते. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं होतं.

स्थळ मामांनी आणलं. मुलगा देवळाली कॅम्पचा, लष्करी भांडारात नोकरीला, शांत. घरात तो आणि त्याची आई. वडील वारलेले. मुलाच्या आईची एकच अट होती आणि मामांनी ती चहा पिता पिता सांगितली. सून सावळी चालेल, नोकरी करणारी चालेल, पण केस लांब आणि सरळ हवेत. कुरळ्या केसांची बाई तापट निघते आणि घर धरून राहत नाही, असं त्यांचं मत होतं. त्याला आधारही होता. त्यांच्या थोरल्या जावेचे केस कुरळे होते आणि ती वेगळी निघाली होती.

आईनं एवढंच विचारलं, की आधी फोटोच पाठवायचा आहे ना.

केसांना इस्त्री करायची पद्धत तिला शेजारणीनं सांगितली होती. टेबलावर चादर चौपदरी घालायची. मुलीनं खाली गुडघ्यांवर बसून गाल टेबलावर टेकवायचा. केस मागं चादरीवर पसरायचे, त्यावर मलमलचं फडकं घालायचं आणि वरून कपड्यांची विजेची इस्त्री फिरवायची. केस ताणून धरायला दोन्ही हात लागत, म्हणून ते काम आईकडे गेलं आणि इस्त्री माझ्याकडे आली. ताईचं तोंड भिंतीकडे असे. मान हलली तर चटका बसेल, म्हणून ती हलत नसे. बोललीच तर ओठ फार न हलवता बोले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, की इस्त्री जवळ आली की कानात समुद्रासारखा आवाज येतो. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता.

खिडक्या लावून घ्याव्या लागत, कारण जळक्या केसाचा वास दोन घरं ओलांडून जातो.

फोटो चांगला आला. वेणी पुढं घेतलेली, भांग मधोमध, कपाळाजवळचं जे काही ऐकत नव्हतं ते तेल आणि आकडे लावून बसवलेलं. मामांनी त्याच्या आणखी प्रती काढायला लावल्या. मुलाच्या आईला भावकीत दाखवायच्या होत्या. निरोप आला, फोटो पसंत आहे, मुलगी बघायला येतो.

आणि इथं अडचण सुरू झाली. कपड्यांच्या इस्त्रीची कड डोक्यापासून चार बोटं अलीकडेच थांबते. त्याच्या आत ती शिरत नाही. फोटोत ते लपलं होतं. बघायला आलेल्या बायका मात्र मुलीला आतल्या खोलीत नेत, वेणी सोडायला लावत आणि केस खरे की गंगावन घातलंय ते बोटं घालून पाहत. आमच्याकडे तेव्हा यात कुणाला वावगं वाटत नसे. चहा-पोह्यांसारखाच तो कार्यक्रमाचा भाग होता.

चार बोटांसाठी काहीतरी घ्यायला हवं होतं, आणि ते आमच्या ऐपतीत हवं होतं.

एका शनिवारी आई मला घेऊन कॅम्पच्या बाजारात गेली. मुलाचं घर तिथून लांब नव्हतं, म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन चालत होती. एरवी ती पदर घेत नसे. एका दुकानात साहेबांच्या बायका बदली होऊन जाताना विकायला ठेवत त्या वस्तू मिळत. दुकानदारानं आधी केस कुरळे करायची विजेची कांडी दाखवली. सरळ करायचं हवंय म्हटल्यावर त्यानं आईकडे, मग माझ्या वेण्यांकडे पाहिलं.

"बहेनजी, इथं सगळे कुरळे करायला मागतात," तो म्हणाला. "सरळ मागणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तरी त्याच्याकडे एक निघालं. दोन चपट्या पट्ट्या, काळी मूठ, परदेशी बनावट. ते तिकडच्या विजेवर चालणारं होतं. इथं लावायचं तर सोबत एक जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागणार होता आणि तो वेगळा होता. किंमत ऐकून आईनं ते खोक्यात परत ठेवलं आणि झाकण नीट बसलं की नाही तेही पाहिलं.

मग वसाहतीतल्या एका नर्सबाईंकडची पितळी फणी आणली. ती स्टोव्हवर तापवायची असते. बाई ती विकायला तयार नव्हत्या, वापरायला द्यायला होत्या. पण फणीचे दात डोक्याला लागतात आणि दात पितळेचे असतात. ताईच्या डाव्या कानामागं भाजलं. ती ओरडली नाही, फक्त उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळाखाली कान धरून उभी राहिली. त्यात सकाळपासून केलेले केसही भिजले. फणी परत गेली.

शेवटी आईला चिमटा सुचला. भांडीबाजारात तांबट बसत. परदेशी यंत्रासारख्याच दोन चपट्या पितळी पट्ट्या एका लांब चिमट्याला ठोकून घ्यायच्या, लाकडी मूठ लावायची आणि स्टोव्हवर तापवायचा. वीज नको, ट्रान्सफॉर्मर नको. तांबटानं विचारलं, कशासाठी हवाय. खरं सांगणं आईला शक्य नव्हतं. भांडीबाजारात आमच्या ओळखीचे लोक होते. ती म्हणाली, पापड भाजायला.

आठवड्यानं चिमटा घ्यायला गेलो तर दोन्ही पट्ट्यांना सुबक जाळी पाडलेली होती. पापडाला वाफ धरू नये म्हणून तांबटानं आपल्या मनानं पाडली होती आणि त्याचे पैसेही घेणार नव्हता. आई जाळीकडे बघत राहिली. सपाट हवी होती म्हणाली. तो म्हणाला, सपाटीवर पापड मऊ पडतो. आई म्हणाली, आमच्याकडे मऊच खातात. तांबटानं पट्ट्या बदलून दिल्या, पण आम्ही निघताना शेजारच्या दुकानदाराला तो काय सांगत होता ते आम्हाला ऐकू आलं. मऊ पापड खाणारं घर त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

चिमटा मात्र उत्तम चालला. तापमान कळायला आम्ही वर्तमानपत्राचा कोरा समास वापरत असू. चिमट्यात समास धरायचा. कागद तांबूस झाला तर थांबायचं, तसाच राहिला तर केस घ्यायचे. मुळापासून चार बोटं चिमट्यानं, पुढचं इस्त्रीनं. संपूर्ण डोकं व्हायला एक सकाळ जाई.

पाहुणे आले. बायकांनी ताईला आत नेलं, वेणी सोडली. मुलाच्या आईनं मुळाशी बोटं घातली आणि टोकापर्यंत नेली. बोटं कुठं अडकली नाहीत. त्या इगतपुरीकडच्या गावातल्या होत्या, आवाज मोठा होता आणि मनातलं लगेच बोलून टाकण्याची सवय होती. बाहेर येऊन त्यांनी मामांना सांगितलं, की पोरीचं केस म्हंजी रेशीम हाय. ताई मान खाली घालून बसली होती. लोकांना ती लाज वाटली. तिला मान वर करायची भीती वाटत होती. खोलीत गर्दी होती, उकडत होतं आणि भांगाशी घाम यायला लागला होता.

त्याच संध्याकाळी ताई आईला म्हणाली, "मी त्यांना सांगते."

"काय सांगशील?"

"माझे केस असे आहेत म्हणून."

"मग ते विचारतील, फोटो कुणाचा होता."

लग्न झाल्यावर हळूहळू सांगता येईल, एवढंच आई म्हणाली. तिला ताईचं वाईट करायचं नव्हतं. दोन स्थळं आधी गेली होती आणि दोन्ही वेळा कारण सांगितलं गेलं नव्हतं.

लग्नाची तारीख काही महिन्यांनंतरची निघाली. ते महिने आमच्या घरात केसांच्या हिशेबानं गेले. मुलाच्या घरचे न कळवता येत. कॅम्पहून नाशिक रोड जवळ, बस सारखी, आणि आपल्या माणसाकडे यायला कळवायचं कशाला, असं मुलाची आई म्हणे. त्यामुळे ताईचं डोकं सदैव तयार ठेवावं लागे. डोक्यावरून न्हाणं कमी झालं. न्हायली की लगेच टेबल. पावसाळ्यात तिचा टायपिंगचा क्लास सुटला, कारण छत्रीखालीही हवा दमट असते आणि कपाळाजवळून केस वळायला लागतात. मुलानं एकदा फिरायला जाऊ का म्हणून विचारलं. त्याच्याकडे स्कूटर होती. आईनं आमच्यात लग्नाआधी चालत नाही असं कळवलं. आमच्यात चालत होतं. वसाहतीतल्या दोन मुली तशा हिंडत होत्या आणि ते मुलाला माहीत असावं, पण तो पुन्हा विचारायला आला नाही.

ताई खिडकीशी बसून असे. पाहुणे दिसले तर आत जाऊन डोक्यावर हात फिरवता यावा, म्हणून तिनं खुर्ची रस्त्याच्या बाजूला ओढून घेतली होती. तिची बोटं टायपिंग विसरू नयेत म्हणून ती मांडीवर टंकत असे. बघणाऱ्याला वाटे, मुलगी लग्नाच्या विचारात आहे.

आमच्यात लग्न पांढऱ्या साडीत, विहारात लागतं. वडिलांनी जुन्या चालीरीती घरातून काढून टाकल्या होत्या आणि हळद त्यांत पहिली होती. आईला ते कधी पटलं नव्हतं. स्वतःच्या बहिणींच्या मुलींची हळद ती माहेरी जाऊन खेळून येत असे. या वेळी मुलाच्या आईनं थोडी तरी हळद लावा म्हणून धरून ठेवलं, तेव्हा आई वडिलांच्या बाजूनं ठाम उभी राहिली. तत्त्व म्हणजे तत्त्व, असं म्हणाली. हळदीनंतर सगळ्यांदेखत डोक्यावरून आंघोळ असते. वडिलांना आईचा हा बदल फार आवडला आणि पुढं अनेक वर्षं ते लोकांना सांगत राहिले.

नवरीसोबत सासरी पाठराखीण जाते. पहिले काही दिवस नवीन घरात तिला आपलं माणूस असावं, पाणी मागायला, बाथरूम विचारायला. सहसा आत्या किंवा आजी जाते. आमच्याकडून मी गेले. धाकटी पोर पाठवली म्हणून मुलाच्या आईला नवल वाटलं, पण त्या हसल्या आणि मला पेढा दिला. माझ्या पिशवीत दोन फ्रॉक, एक परकर-पोलका आणि टॉवेलात गुंडाळलेला चिमटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीतल्या बायका सून बघायला यायच्या होत्या. त्याआधी सुनेला न्हाऊ घालायचं. पहिले दोन तांबे सासूनं स्वतः घालायचे, ही त्यांच्या घरची रीत. आम्हाला ती माहीत नव्हती. ताई पाटावर बसली. सासूबाईंनी ऊन पाण्याचे दोन तांबे तिच्या डोक्यावर ओतले, शिकेकाईची वाटी पुढं सरकवली आणि सावकाश न्हा, असं सांगून गेल्या. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल घेऊन दारात उभीच होते. न्हाणं झाल्याबरोबर मी तिचे केस घट्ट बांधून टाकले आणि तिला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. मग चिमटा घेऊन स्वयंपाकघरात गेले.

गॅस पेटवून चिमटा वर धरला तेवढ्यात सासूबाई आल्या.

"ते काय गं, पोरी?"

"चिमटा."

"कशाचा?"

"पापडाचा," मी म्हणाले. "आमच्याकडे यावरच भाजतात."

"आन् त्यो लग्नात संगं आणला?"

"ताईला पापड आवडतो."

त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि नागलीचा एक पापड माझ्या हातात दिला. "मंग भाज. आमालाबी कळू दे तुमच्याकडं कसं भाजतात."

मी पापड पट्ट्यांत धरला. तो मधे कच्चा राहिला आणि कडेनं करपला. स्वयंपाकघरात खोबरेल तेलाचा वास सुटला आणि त्याच्या मागून दुसरा एक वास आला, जो माझ्या रोजच्या ओळखीचा होता. सासूबाईंनी पापडाचा तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि तोंडात न घालता खाली ठेवला. माझ्या हातातून चिमटा घेऊन त्या खिडकीशी गेल्या. रिबिटात एक केस अडकला होता. तो त्यांनी नखानं सोडवून उजेडात धरला. केस लांब होता. अर्धा सरळ, अर्धा वळलेला.

त्या आतल्या खोलीत गेल्या, ताईसमोर उभ्या राहिल्या आणि तिच्या डोक्यावरचा टॉवेल सोडला. केस खाली आले आणि वाळत होते तिथून हळूहळू वर वळायला लागले. ताई उठली नाही.

"थोरलीवानी," सासूबाई म्हणाल्या.

"मी सांगणार होते," ताई म्हणाली.

"कवा?"

बाहेर ओटीवर कुणीतरी हाक मारली, बायका यायला लागल्या होत्या. मला वाटत होतं, आता त्या ओरडतील, मामांना बोलावतील, आम्हा दोघींना बसमध्ये बसवून देतील. माझी पिशवी कुठं आहे ते मी नजरेनं शोधूनही ठेवलं होतं.

"सांगायचं व्हतं त्ये आदी सांगायचं," त्या म्हणाल्या. "आता कुणाला सांगू नगं. फोटू साऱ्या भावकीत फिरलाय. मी धा घरी केसाचं सांगून बसले." मग माझ्याकडे वळून, "याला वेळ किती लागतो?"

मी सांगितलं.

"पोराचं मी बगते," असं म्हणून त्या गेल्या. ओटीवर बायकांना चहा द्यायला सांगितला आणि येताना घरची इस्त्री घेऊन आल्या. दार लावलं, खिडकी लावली. टेबल नव्हतं, म्हणून पलंगावर चादर घडी करून घातली. ताई खाली बसली आणि तिनं गाल पलंगाच्या कडेला टेकवला. केस ताणून धरायच्या आईच्या जागी सासूबाई बसल्या. त्यांची पकड आईपेक्षा घट्ट होती. मधेच त्यांनी चिमटा हातात घेऊन दोन बटा स्वतः करून पाहिल्या आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या झाल्या.

बायकांनी सून पाहिली. केसांचं कौतुक झालं. सासूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः एक शब्दही वाढवून बोलल्या नाहीत.

माझे पाठराखणीचे दिवस संपले तेव्हा चिमटा मी परत आणला नाही. तो सासूबाईंनी स्वयंपाकघरात खिळ्याला लावला होता. कुणी विचारलं तर सुनेच्या माहेरची पापडाची चीज म्हणून सांगत. निघताना ताई मला बसथांब्यापर्यंत पोचवायला आली. ती एवढंच म्हणाली, की त्यांनी हाकलून दिलं असतं तर ती आता माझ्यासोबत बसमध्ये असती. रागानं म्हणाली नाही. टाइम टेबल सांगावं तसं म्हणाली.

दाजींना काय सांगितलं गेलं ते आम्हाला कधी कळलं नाही. ते चांगले वागत. दर रविवारी सकाळी ते आठवड्याची भाजी आणायला बाजारात जात आणि दुपारपर्यंत परतत नसत. भाजीला तेवढा वेळ लागत नाही. ताईचं न्हाणं रविवारीच असे.

पहिल्या माहेरपणाला ताई आठवडाभर आली. आईनं आल्या दिवशी पाणी तापवलं, शिकेकाई काढली आणि म्हणाली, इथं आहेस तोवर राहू दे तसेच. ताई न्हायली. केस वाळवायला गच्चीवर गेली आणि अंधार पडेपर्यंत खाली आली नाही. तो आठवडा तिचे केस खांद्यावर जाऊन बसलेले होते. तिनं टायपिंगच्या क्लासला जाऊन बाईंची भेट घेतली, जुन्या यंत्रावर एक पान टंकलं आणि ते घरी आणून दाखवलं. पानात चुका नव्हत्या. पावसाची सर आली तर ती दारातून आत पळाली नाही. व्हरांड्यात उभी राहून बघत होती.

परतायच्या दिवशी दाजी संध्याकाळी न्यायला येणार होते. सकाळपासून आई केसांचा विषय काढत नव्हती आणि मीही काढला नाही. या वेळी ती तशीच जाईल, असं आम्हा दोघींना वाटत असावं. वाटत होतं असं खात्रीनं सांगता येणार नाही, कारण आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

दुपारी शाळेतून आले तर खिडक्या लावलेल्या होत्या. टेबलावर चादर चौपदरी घातलेली, मलमलचं फडकं पाण्यातून पिळून ठेवलेलं, इस्त्री लावलेली, स्टोव्हवर चिमटा. तो ती सासरहून येतानाच बॅगेत घेऊन आली होती. शेजारी वर्तमानपत्राचा एक समास फाडून ठेवला होता. ताई गुडघ्यांवर बसली होती. तिचा गाल टेबलावर टेकलेला होता आणि तोंड भिंतीकडे होतं. आई शाळेतून यायची होती, म्हणून केस तिनं स्वतःच मागं पसरून ठेवले होते.

"दप्तर ठेव," ती ओठ फार न हलवता म्हणाली. "आधी मुळं घे."